तिसरी बढाई

एका राज्यात हैबतराव नावाचा तलवारबहाद्दर होता. तो हसला की तटावरची कबुतरं उडत आणि जेवायला बसला की वाढपी थकत. शेवटचा वार करण्याआधी तो तलवार उंच फेकी. ती हवेत तीन गिरक्या घेई आणि मूठ बरोबर त्याच्या पंजात येई. लोक टाळ्या पिटत, मगच वार होई. टाळीवाचूनचा वार त्याला अळणी लागे.

त्याचा धाकटा भाऊ मानाजी. लहानपणी दादाच्या वाकलेल्या मांडीवर पाय देऊन तो उडत्या लाकडी तलवारीकडे झेपावे. कधी सापडली नाही. "उंच हो, धाकल्या, मग सापडेल," हैबतराव म्हणे. मानाजी उंच झाला, पण तलवार उपसायची वेळ त्याच्यावर आली नाही. पुढे दादा असे.

राजाच्या खजिन्यात काळकेतू मांत्रिकाचा शापित कमरपट्टा होता. तो जो बांधील, त्याने पुढच्या तीन बढाया तीन दिवसांत खऱ्या करून दाखवाव्यात. एक जरी चुकली तरी त्याचा दगड व्हावा. हैबतरावाने भर दरबारात पट्टा उचलला. "ही कंबर याचीच वाट पाहत होती," म्हणाला आणि बांधला. त्याच क्षणी शापाने राज्याची नदी वाहता वाहता थांबली. हैबतराव मात्र रंगात होता. त्याने एका दमात तीन बढाया मारल्या.

पहिल्या दिवशी त्याने वाघ कान धरून दरबारात आणला. दुसऱ्या दिवशी एका वाराने काळ्या डोंगराचे दोन केले. तिसऱ्या दिवशी तो आखाड्यात नुसताच उभा राहिला. सूर्य मावळला आणि उभ्या उभ्या त्याचा दगड झाला.

मानाजी तेव्हा सीमेवर घोडे आणायला गेला होता. परतला तो थेट दरबारात शिरला. "महाराज, दादाची तिसरी बढाई कोणती?"

राजाने मान खाली घातली. दरबाऱ्यांनी आपापल्या पायांतल्या जोड्यांकडे पाहिलं.

मानाजी आखाड्यात जाऊन बसला. भाकरीचा तुकडा मोडून त्याने दगडाच्या ओठांना लावला. तुकडा खाली पडला. त्याने उचलला, पुसला, पुन्हा लावला. असे दोन दिवस गेले. रडून डोळे कोरडे पडले, पण तो दगडापाशीच बसून राहिला.

तिसऱ्या संध्याकाळी काळकेतू बैलगाडी घेऊन आला. "माझ्या बागेत बहाद्दरांची रांग आहे. एक जागा रिकामी होती," तो म्हणाला.

मानाजी काही न विचारता त्याच्यावर धावला. तलवार मांत्रिकाच्या अंगातून धुरातून जावी तशी गेली. काळकेतूने अंगरखा झटकला. "झालं?"

तेवढ्यात तटावरून राजाची मैना बोलली. "मानाजी, ऐकलेलं मला विसरता येत नाही. तिसऱ्या बढाईत तुझा दादा म्हणाला होता, माझा धाकटा मला तलवारीत हरवील."

मानाजीने तटाकडे पाहिलं. "मग मला निरोप का नाही धाडला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, माझा हात मला ठाऊक आहे. पोर मरेल. कोणी त्याला सांगू नका."

मानाजी मांत्रिकाकडे वळला. "अजून खरी करता येईल?"

"दगड बागेत पोचेपर्यंत येईल. तीन झटापटी. एक जिंकलास तरी पुरे. तिन्ही हरलास तर गाडीत दोन दगड."

"उठव त्याला."

काळकेतूने चुटकी वाजवली. दगडाने डोळे उघडले आणि तलवार उपसली. डोळ्यांत ओळख नव्हती.

पहिल्या झटापटीत मानाजी रागाने आंधळा होऊन धावला. दगडी मनगटाने त्याला भिरकावून दिलं. त्याचा डावा हात खांद्यापर्यंत दगड झाला.

दुसऱ्या झटापटीत तो सावध लढला. दगडाच्या एका फटक्यात त्याची तलवार मुठीपाशी मोडली. मानाजीच्या अंगातलं दगडपण आता खांद्यावरून छातीपर्यंत पसरलं. श्वास आखूड झाला.

तिसऱ्या झटापटीला त्याच्या हाती काहीच नव्हतं. आखाड्याभोवती सारं नगर उभं होतं. दगडी हैबतराव वाराला वाकला आणि थबकला. शापाने त्याचं रक्त नेलं होतं, नाव नेलं होतं. खोड तेवढी राहिली होती. त्याने तलवार उंच फेकली.

एक गिरकी. मानाजी धावला.

दुसरी गिरकी. वाकलेल्या दगडी मांडीवर त्याने पाय ठेवला, लहानपणी ठेवायचा तिथेच. मांडी हलली नाही.

तिसरी गिरकी. मूठ त्याच्या पंजात आली.

खाली उतरून त्याने तलवारीचं टोक दादाच्या गळ्याला टेकवलं. "दादा, सापडली."

कमरपट्टा तुटून पडला आणि त्याची राख झाली. राखेबरोबर काळकेतूही वाऱ्यावर गेला. त्याच्या बागेतले बहाद्दर आळस देत आपापल्या घरी निघाले. थांबलेली नदी पुढे सरकली. मानाजीच्या छातीत श्वास भरला. हैबतरावाने डोळे चोळले, पायाशी पडलेला भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"शिळी आहे," तो म्हणाला.

मानाजीने त्याला घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

राजाने खजिना उघडून झाडून घेतला आणि भर दरबारात विचारलं, "हैबतराव, खरं सांगा, कोण जिंकलं?"

"धाकला जिंकला, महाराज." हैबतरावाने मिशीला पीळ दिला. "पण तलवार एवढी नेमकी फेकली कोणी?"

दरबार हसला, तटावरची कबुतरं उडाली. त्या दिवसापासून त्या राज्यात शेवटच्या वाराआधी तलवार उंच फेकतो हैबतराव, आणि झेलतो मानाजी. नदीचं पाणी नदीला, राजाचं राज्य राजाला, आणि कहाणी ऐकणाऱ्याला.