मावशीचा कूलर आणि तात्यांचं डोकं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव दिगंबर, हाक दिगू. मिशा भरघोस, अंगानं दणकट, आणि सांगितलेलं काम जसंच्या तसं करणारा. अशी माणसं आता मिळत नाहीत म्हणतात. मिळतात, पण कोणी ठेवून घेत नाही.

आधी तो दूध डेअरीत लागला होता. मालकानं सांगितलं, "रांगेत उभं राहील त्याचंच दूध घ्यायचं." दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे रांगेत कॅन होते आणि माणसं पिंपळाच्या सावलीत. दिगूनं रांगेवरून नजर फिरवली. एकही माणूस उभा नव्हता. त्यानं खिडकी बंद केली. त्या दिवशी गावात घरोघरी पनीर झालं आणि दिगूची नोकरी गेली.

मग त्याच्या वडिलांनी त्याला तालुक्याला अलकामावशीकडे धाडलं. एसटी स्टँडसमोर मावशीचं कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. निघताना वडील म्हणाले, "इथं टिकलास तर टिकलास. न्हाईतर मामाच्या म्हशी हाईत."

म्हशींना दिगू फार भ्यायचा. त्या मारक्या होत्या म्हणून नाही. त्या काय करायचं ते सांगत नाहीत म्हणून. काहीही झालं तरी मावशीकडेच टिकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

मावशीच्या हातात तेव्हा मोठं काम आलं होतं. टेंभूरवाडी ग्रामपंचायतीला नवा कॉम्प्युटर जोडून द्यायचा होता. उद्घाटनाला पंचायत समितीचे सभापती हिंदुरावतात्या येणार होते. तात्या खूश झाले तर तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचं काम मावशीला मिळणार होतं.

मावशीनं दिगूला समोर बसवलं. एक चपटा चौकोनी तुकडा दाखवला.

"हा प्रोसेसर. कॉम्प्युटरचा मेंदू. काम करायला लागला की तापतो. म्हणून याच्या डोक्यावर हा कूलर बसवायचा. बघ, खाली धातूचा ठोकळा, वर पंखा. कूलर नसला तर मेंदू जळून जाईल. कळलं?"

"कळलं."

"कर मग. नवी वस्तू आहे, जपून."

दिगूच्या घरी टीव्हीचा रिमोट सात वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत होता. शेजाऱ्यांच्या मोटारसायकलची सीट प्लास्टिकमध्येच म्हातारी झाली होती. नवी वस्तू कशी जपतात हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. कूलरच्या बुडाला कंपनीनं पातळ प्लास्टिक चिकटवलं होतं. ते त्यानं हातानं आणखी घट्ट दाबलं आणि कूलर बसवला.

मशीन चालू झालं, तापलं आणि बंद पडलं. मावशीनं कूलर उचलून बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, हे प्लास्टिक काढायचं राहिलं की! त्याच्यातून उष्णता वर जाणार कशी?"

"नवंकोरं हुतं, मावशे."

"नवं असू दे नाहीतर जुनं. आधी वरचं आवरण सोलायचं, मग लावायचं. डोक्यात ठेव."

"ठेवलं," दिगू म्हणाला. आणि खरंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टेंभूरवाडीचे ग्रामसेवक धुमाळ आले. गावाला स्वच्छतेचा पुरस्कार मिळाला होता. त्याचं लॅमिनेशन केलेलं सन्मानपत्र त्यांनी छातीशी धरून आणलं होतं. उद्घाटनाच्या फलकावर छापायला त्याची प्रत हवी होती. मावशी फोनवर बोलत होती. ती म्हणाली, "दिगू, ते जरा स्कॅनरवर लाव."

आधी सोलायचं, मग लावायचं. दिगूनं कोपऱ्यात नख घातलं आणि सोललं. प्लास्टिकबरोबर अक्षरं आली, सह्या आल्या, शिक्का आला. गावाचं नावसुद्धा आलं. पुरस्कार स्वच्छतेचा होता, आता कागदही स्वच्छ झाला.

धुमाळ खुर्चीत बसले ते उठेचनात. "अहो, हे एवढंच होतं गावात स्वच्छतेचं!" ते म्हणाले.

मावशीनं त्यांना चहा पाजला, पाणी पाजलं, वाटेला लावलं. मग दिगूकडे वळली.

"सोलायच्या आधी विचारत जा रे बाबा. विचारल्याशिवाय काही सोलायचं नाही!"

"न्हाई सोलणार."

संध्याकाळी मावशी बाजारात गेली होती. दिगूला भूक लागली. विचारायला कोणी नव्हतं. त्यानं दोन केळी सालासकट खाल्ली.

त्यानंतर मावशीनं पुढचा धडा दिला. पेस्टची नळी त्याच्या हातात ठेवली.

"प्रोसेसर आणि कूलरच्या मधे, उष्णता वर जायला, ही पेस्ट लागते. मधोमध, वाटाण्याएवढी. बोटानं पसरायची नाही. कूलर वरून दाबला की आपोआप पसरते."

दिगूनं विचारून सोललं, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, कूलर दाबला. मशीन दुपारभर चाललं. पंखा गुरगुर फिरत राहिला. तो आवाज ऐकून दिगूला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मावशीनंही त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! आता असंच करत जा."

रविवारी उद्घाटनाचं ठरवायला सरपंच आणि धुमाळ मावशीकडे जेवायला आले. श्रीखंड-पुरीचा बेत होता. मावशी पुऱ्या तळत होती, म्हणून वाढायला दिगू. त्यानं सरपंचांच्या ताटात मधोमध वाटाण्याएवढं श्रीखंड ठेवलं. वर पुरी ठेवली. आणि तळहातानं दाबली.

सरपंच पुरीकडे बघत राहिले. "एवढंच?"

"पसरतंय आपोआप," दिगू म्हणाला. "बोट लावू नका."

धुमाळांनी आपलं ताट दोन्ही हातांनी झाकून घेतलं. या माणसाचा हात कुठवर जातो ते त्यांना माहीत होतं.

पाहुणे गेल्यावर मावशी कडाडली. "असं वाढतात का रे पाहुण्याला? आपल्याकडे आग्रह करतात! घ्या, लाजू नका, म्हणायचं. वाढत राहायचं. समोरचा 'पुरे' म्हणेपर्यंत हात आखडायचा नाही!"

"असं व्हय," दिगू म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. पाहुणे उपाशी गेले होते. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

सोमवारी टेंभूरवाडीचं मशीन जोडायला घेतलं. मावशी पलीकडे वायरी लावत होती. दिगूनं विचारून सोललं. मग नळी हातात घेतली.

"घ्या," तो प्रोसेसरला म्हणाला.

वाटाण्याएवढी पेस्ट पडली. प्रोसेसर गप्प.

"लाजू नका. घ्या की अजून."

प्रोसेसर काही 'पुरे' म्हणेना. दिगूनं आणखी वाढली. मग आणखी. आपल्या घरी आल्यासारखं घ्या, म्हणाला. नळी बुडापासून गुंडाळत आणली आणि शेवटचा थेंबसुद्धा वाढला. पेस्ट ओघळून बोर्डावर उतरली, खालच्या खाचांत शिरली. एवढं जेवणारा पाहुणा दिगूनं आजवर बघितला नव्हता.

मावशीनं मागे वळून बघितलं आणि तिच्या हातातल्या वायरी गळून पडल्या.

दुपारभर ती कापसानं पुसत बसली. प्रोसेसर काढला, पुसला, वाळत फळीवर ठेवला. पुसता पुसता बोलत होती, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी तिचा राग ओसरला. पोरगा मनानं वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"ही नवी नळी. आता मी सांगते तेवढंच करायचं. पेस्ट वाटाण्याएवढी, कूलर दाबायचा, मग चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळायचे. एकदम नाही. थोडा इकडचा पीळ, मग थोडा समोरचा. आळीपाळीनं. एकाच बाजूला पिळलंस तर कूलर तिरका बसतो."

दिगूनं तेवढंच केलं. अगदी मन लावून, जीभ बाहेर काढून. मावशीनं बटण दाबलं. मशीन ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म.

मावशीचं लक्ष फळीकडे गेलं. प्रोसेसर तिथं छान वाळला होता.

"अरे, आत प्रोसेसरच नाही!"

"तू सांगितलं न्हवतंस, मावशे."

मावशी खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "नाही सांगितलं, खरं आहे. आता सांगते. सगळं नीट बसवूनही ढिम्म असलं, तर आधी हेच समजायचं, आत प्रोसेसर नाही."

"समजलो."

मग मावशीनं सगळं स्वतःच्या हातानं जोडलं आणि मशीन चालू झालं.

उद्घाटनाच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला. मंचावर मात्र ऊन होतं, कारण मांडव करताना मंच मोजायचा राहून गेला होता. कॉम्प्युटरला हार घातला होता. हारामुळे पडदा दिसत नव्हता, पण तो बघायला कोणी आलंही नव्हतं. हळद-कुंकू वाहिलं. नारळ फोडायला कॉम्प्युटरच पुढे केला होता, तो मावशीनं कसाबसा वाचवला.

तिनं दिगूला बाजूला घेतलं. "आज कशाला हात लावू नकोस. या पिशवीत जादा कूलर आहे, पेस्ट आहे. घेऊन मंचाजवळ उभा राहा. आज नीट पार पडलं ना, तर तुला कायमचा ठेवून घेते."

"आन काही तापलं तर?"

मावशीला मागून बायकांनी हाक मारली. जाता जाता ती म्हणाली, "तर शिकवलंय तसं कर."

हिंदुरावतात्या बोलायला उभे राहिले. डोक्यावर जरीचा फेटा, अंगात जाकीट. ते गावाच्या विकासावर बोलले, मग स्वतःवर बोलले आणि तिथंच रमले. ऊन चढत गेलं. तात्यांचे कान लाल झाले, मानेवरून घाम निथळायला लागला.

"कॉम्प्युटरचं कौतुक आम्हाला सांगू नका!" तात्या माइकवर गरजले. छातीवरचा हात त्यांनी कपाळाला लावला. "हे डोकं, हाच माझा कॉम्प्युटर! पंचवीस वर्षं चालू आहे. एक मिनिट बंद नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिगूनं नाही वाजवल्या. पंचवीस वर्षं चालू, आणि वर कूलर नाही! त्यानं तात्यांच्या लाल कानांकडे बघितलं. आता जळणार. काही क्षणांचा प्रश्न होता.

त्यानं मावशीला शोधलं. ती पार मागे, बायकांच्या गर्दीत. दिगू पिशवी घेऊन मंचावर चढला. आधी विचारायचं, हे तो विसरला नाही. तात्यांच्या कानाला लागून म्हणाला, "सोलू का?"

तात्या भाषणाच्या भरात होते. भाषणाच्या भरात ते सगळ्यालाच हो म्हणत. "हो हो, बघून घ्या," ते म्हणाले.

दिगूनं फेटा सोलला. खाली गुळगुळीत टक्कल होतं. इतकी सपाट जागा त्याला आजवर मिळाली नव्हती. मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली. बोटानं पसरली नाही. कूलर ठेवून दोन्ही हातांनी दाबला. आता स्क्रू. स्क्रूला भोकं नव्हती, म्हणून त्यानं कान धरले. एकदम नाही. थोडा डावा पिळला, मग थोडा उजवा. आळीपाळीनं.

तात्यांचं भाषण थांबलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. डोळे ताठ, तोंड उघडं, डोक्यावर कूलर. हालचाल नाही.

"दिग्या! मुडद्या, खाली उतर!" मागून मावशी धावत येत होती.

दिगूनं पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत नव्हता. तात्यांकडे बघितलं. तात्या ढिम्म. त्यानं डोकं खाजवलं, आणि मावशीनं शिकवलेलं शेवटचं वाक्य त्याला लख्ख आठवलं. तिला लांबून ऐकू जावं म्हणून तो मोठ्यानं ओरडला. माइक त्याच्या तोंडासमोरच होता.

"मावशे, समदं नीट बसवलंय! यांच्या आत प्रोसेसरच न्हाई!"

तात्यांच्या कुठल्याच भाषणाला कधी एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून दिगू मामाच्या म्हशी राखू लागला. म्हशी त्याला काही सांगत नाहीत, त्यामुळे त्याचं आता काही चुकत नाही.