देवाला मारलेली हाक

आंबवडीच्या शंभूच्या देवळात उत्सवात वाजवायला रेणुका ओझरकर व्हायोलिन घेऊन आली, तर पंचांचे प्रमुख दाजीसाहेब उंबऱ्यावरच आडवे आले.

"पोरी, हे फिरंगी वाद्य. देवाला याचा सूर चालायचा नाही!"

"मग देवालाच विचारा ना," रेणुका म्हणाली. "तो नको म्हणाला तर मी आल्या पावली परत जाते."

दाजीसाहेबांनी रिवाजाप्रमाणे आधी घंटा वाजवली आणि मग हात जोडले.

"केवढी मोठी घंटा! कुठली हो?" रेणुकाने विचारलं.

दाजीसाहेबांची छाती फुगली. "वसईची! आमच्या पूर्वजांनी लढाई जिंकून फिरंग्यांच्या चर्चमधून आणली. क्रूस अजून दिसतोय बघ तिच्यावर."

"देवाला फिरंगी सूर चालत नाही, मग आत्ता त्याला हाक कशाने मारलीत?"

जमलेल्या सगळ्यांच्या माना घंटेकडे वर वळल्या. दाजीसाहेबांनीही त्या क्रुसाकडे पाहिलं. मग ते बाजूला सरले आणि त्यांनी स्वतःच पुन्हा एक टोल दिला.

नाद विरू लागला तसा रेणुकाने तोच सूर तारेवर उचलला. घंटा कुठे संपली आणि व्हायोलिन कुठे सुरू झालं, ते कुणालाच कळलं नाही. दाजीसाहेबांचा हात घंटेपाशी वरच राहिला होता.