पडले आहे

फोन एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची गोष्ट. एकट्या राहणाऱ्या कुमुदताई न्हाणीघरात घसरून पडल्या. हातातल्या जुन्या फोनवरून त्यांनी घरच्या ग्रुपवर कसंबसं लिहिलं, ‘पडले आहे.’ मग त्यांची शुद्ध हरपली.

लगेच उत्तरं आली. ‘पडा निवांत.’ ‘आराम करा, काकू.’ लेकाने तर नुसता अंगठा दाखवला.

ओल्या फरशीवरून जुना फोन लेकाच्या फोनला म्हणाला, “अरे, त्या आडव्या नाही झाल्या, कोसळल्यात. सांग त्याला.”

“कसं सांगू? माझ्यावर जेवढं उमटतं, तेवढंच तो वाचतो.”

संध्याकाळपर्यंत कुमुदताईंचा हात गार पडला. जुन्या फोनची बॅटरी संपता संपता लेकाचा मेसेज आला, ‘झाली का झोप, आई?’