दोन पट्ट्यांच्या मध्ये

"बुवा, सगळे एका सुरात गात असले, आणि तो सूरच चुकीचा असला, तर..."

"तर काय?"

दिगंबरला पुढचं बोलवेना.

दुपारची वेळ. टेकडीवरच्या मठात शंभूबुवा आणि तो, असे दोघेच होते. बुवा ओसरीवर भिंतीला टेकून वाती वळत बसले होते. वय झालं होतं, कान मंदावले होते, त्यामुळे समोरच्याच्या तोंडाकडे बघत ऐकायची त्यांना सवय लागली होती.

दिगंबर हा त्यांचा सगळ्यात तयार शिष्य. मठातली पेटी तो वाजवायचा, आणि कानाच्या बाबतीत त्याचा तोरा मोठा. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तरी हा सूर सांगायचा. कोणी विचारलं नसलं तरी सांगायचा.

आज मात्र तो मान खाली घालून बसला होता.

"कोणाचा सूर चुकलाय?" बुवांनी विचारलं.

"आधी पेटीचं सांगतो," दिगंबर म्हणाला.

आणि त्याने सांगितलं.

वर्षभरापूर्वीची गोष्ट. गुरुवारच्या भजनात पेटी आणि गाणं यांचं जुळेनासं झालं. बुवांचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागायला लागला होता, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये पेटीला काही वाजवता येत नाही. कानाला खटकत होतं. पण बुवांचा सूर उतरला, हे म्हणायचं कोणी? त्यांच्या आवाजावर तर हा मठ उभा राहिला होता.

मग कोणीतरी म्हणालं, पेटी बिघडली.

दुसरा म्हणाला, हो, मलाही तसंच वाटतं. तिसऱ्याने नुसती मान डोलावली. मृदंगावरच्या बळवंताने न बोलता मृदंग उतरवून घेतला, बुवांच्या सुराला लावला, आणि विषय मिटला. दिगंबरला खरं काय ते पहिल्याच ओळीला कळलं होतं. त्यानेही मान डोलावली.

पेटी दुरुस्तीला त्यानेच तालुक्याला नेली. कारागिराने ती उघडली, पट्टी न् पट्टी वाजवून पाहिली आणि दोष काही नाही म्हणून परत दिली. मठात येऊन दिगंबरने सांगितलं, जुनी झालीय, आता ती सुधारायची नाही. लोकांना बरंच वाटलं. पेटी कापडात गुंडाळून कोपऱ्यात गेली.

तेव्हापासून भजन पेटीवाचून चाललं होतं. आणि छान चाललं होतं. सगळे बुवांच्या मागे, बुवा जातील तिथे. दिगंबर सुरुवातीला आपल्या खऱ्या सुरात गाऊन बघायचा. शेजारचा वळून बघायचा. मग तोही खाली उतरायचा. पुढे पुढे उतरायचे कष्टही पडेनात.

बुवांचे हात वातींवर थांबले होते.

"मग आजच का आलास?"

"काल घरी एकटाच होतो. सहज षड्ज लावला. मग माझ्या पेटीवर ताडून पाहिला..."

तो थांबला.

"खाली होता बुवा. गुरुवारी सगळे जिथे असतात ना, बरोबर तिथेच. परत लावला. परत तिथेच. घरात कोणी नव्हतं, कोणासाठी उतरायचं नव्हतं. तरी माझा सूर मला सापडेना."

त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय? ना जमीनजुमला, ना नाव. एक कान होता. तोच आता त्याचा राहिला नव्हता, आणि हे कोणाला सांगावं तर ज्याला सांगायचं त्याचाच सूर उतरलेला. भीती वाटली होती त्याला. रात्रभर वाटत होती.

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

मग म्हणाले, "पेटी आण."

दिगंबरने कापड सोडलं, धूळ झटकली. बुवांनी पेटीच्या लाकडावर तळहात ठेवला. कानाला पोचत नव्हतं ते हाताला कळेल, असं त्यांना वाटलं असावं.

"दे षड्ज."

दिगंबरने भाता हलवला. बुवांनी डोळे मिटून सूर लावला. आवाज अजून भरदार होता, मायाळू होता. आणि खाली होता.

"खाली आहे?"

"...हो."

"बराच?"

दिगंबरने नुसती मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते.

"आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे?"

"असेल. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही."

बुवांनी पेटीवरचा हात काढून घेतला. ओसरीखालच्या उतारावर शेळ्या चरत होत्या, तिकडे बघत राहिले.

"वर्षभर मला भजनात फार भरल्यासारखं वाटायचं रे," ते म्हणाले. "कुठेच काही खटकायचं नाही. म्हटलं, आता आपलं सगळ्यांचं जुळलं."

आणि हसले. ते हसू दिगंबरला बघवलं नाही.

"बुवा, माझं चुकलं. मी तेव्हाच..."

"आज गुरुवार," बुवा म्हणाले. "आज पेटी घेऊन बसायचं. पेटीच्या सुरात गायचं. मी माझा लागेल तिथे गाईन. माझ्याकडे बघायचं नाही."

"लोक काय म्हणतील?"

बुवांनी पुन्हा वाती वळायला घेतल्या.

दिवेलागणीला माणसं जमली. पेटी उघडी बघून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बळवंताने विचारलं, सुधारली का? दिगंबर पेटीपाशी जाऊन बसला.

भजन सुरू झालं.

बुवांनी सूर लावला, आणि नेहमीप्रमाणे वीसेक गळे त्यांच्यामागे गेले. दिगंबरने पेटीवर षड्ज धरला, डोळे मिटले आणि जीव एकवटून त्याला आवाज दिला.

लागला. वर्षाने लागला.

पण काय तो एकटेपणा. सगळी बैठक एका बाजूला, आणि हा एवढासा सूर दुसऱ्या बाजूला. त्याच गावातली माणसं, लहानपणापासून मांडीला मांडी लावून बसलेली, आणि त्यातला एकही जवळचा वाटेना. टाळकरी वळून बघत होते. शेजारच्या तुकारामने गुडघ्याला हात लावून खुणावलं, खाली घे. मागून कोणीतरी पुटपुटलं, शिंगं फुटलीत याला. दिगंबरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सूर मात्र त्याने सोडला नाही.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर बुवा थांबले. ओळ अर्धीच सोडून, कानामागे तळवा धरून, मान तिरकी करून बसले.

टाळ थांबले. मृदंग थांबला. मागचे गळे एकामागून एक गप्प झाले.

क्षणभर मठात पेटीच्या सुरावर फक्त दिगंबरचा आवाज होता. एकटा, उघडा. आणि अगदी खरा.

मग पेटीचा भाता मिटला. दिगंबरही थांबला.

कोणी हललं नाही. सगळे बुवांकडे बघत होते. दिगंबरही बघत होता.

बुवांनी कानामागचा हात हळूच खाली घेतला.

"ते थांबले, त्यांचं राहू दे..." ते म्हणाले. "तू का थांबलास?"