पानवेलीची उतरण

"...मग मी ते पात्र स्वीकारावे की मंडळी सोडावी, बाबा?"

मठामागील पानमळ्यात भैरवगीर बाबा शेवरीच्या झाडावर चढलेल्या पानवेलीचे बंध सोडीत होते.

विचारणारे विश्वंभरराव नाटक मंडळीचे नायक. मिसरूड फुटल्यापासून राजपुत्र त्यांचाच. आता पन्नाशी उलटली होती. मालकांनी राजपुत्र एका नव्या मुलाला दिला होता आणि यांच्यासाठी वृद्ध राजाचा पांढऱ्या केसांचा टोप करावयास टाकला होता. संध्याकाळपर्यंत होकार द्यावयाचा, अथवा बिऱ्हाड आवरावयाचे.

"मी अजून थकलेलो नाही, बाबा."

बाबांनी वळून पाहिले. उन्हात घामाबरोबर केसांचा कलप विरघळून विश्वंभररावांच्या कानामागून ओघळत होता.

"तू नसशील. कलप थकला आहे."

विश्वंभरराव हसले नाहीत. बांधावर बसून त्यांनी हळूहळू सांगितले, की तलवारीच्या प्रवेशानंतर उभे राहवत नाही. विंगेत पाठ फिरवून पाणी प्यावे लागते, म्हणजे धाप कोणाला दिसत नाही. झोप तर केव्हाच गेली आहे.

"तरीही सोडवत नाही..."

"हे धर."

बाबांनी वेल त्यांच्या हाती दिला आणि शेंड्याकडचा भाग अलगद खाली ओढून घेतला.

"वर्षभर चढलेला वेल उतरवता? याचा अपराध काय?"

"वर झाड संपले."

...

बाबांनी बुंध्याशी चर उकरला. वेलाचे वेटोळे करून त्यात ठेवण्यास आणि माती लोटण्यास सांगितले.

विश्वंभररावांनी ते मोठ्या निगुतीने केले. कोवळा शेंडा दुखावू नये म्हणून आत दडवला. पाने खुडून उघडा पडलेला जुना दांडा मात्र वर राहू दिला.

"इतका चढला तो हा," ते म्हणाले. "तो लोकांना दिसला पाहिजे."

बाबा पाहत राहिले. मग त्यांनी बोटाने माती सारून शेंडा बाहेर काढला, जुना दांडा नवी मुळे धरण्यासाठी आत दाबला आणि वरून माती थापटली.

विश्वंभररावांनी त्यांचा हात धरला.

"एवढी वर्षे, बाबा... सगळी मातीतच?"

बाबांनी हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने पाटातून तांब्या भरला आणि विश्वंभररावांच्या मस्तकावर ओतला. मग आणखी एक, आणखी एक. काळे पाणी गळ्यावरून, सदऱ्यावरून ओघळत मातीत मुरले. कितीतरी वेळाने ते स्वच्छ आले.

विश्वंभररावांनी डोळे उघडले. ऊन कलले होते.

"मालक वाट पाहत असतील," ते म्हणाले. "त्यांना काय सांगू?"

बाबांनी शेंडा झाडाला टेकवला आणि गवताच्या काडीने सैलसा बांधला.

"म्हणावे, राजाला टोप लागणार नाही."