मूठभर कोंड्याची लेक

एक होती कासारीण. हौसा तिचं नाव. पाय आत घ्या बघू आधी, पांघरूण काय रबराचं आहे ओढायला? हं. तर ही हौसा गाढवावर बांगड्या लादून गावोगाव हिंडायची. एकदा हिंडत हिंडत अशा मुलखात गेली, जिथलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिथं मथुरा नावाच्या एका बाईनं काय करावं? नुकतं जन्मलेलं बाळ सुपात घातलं आणि हौसेपुढं धरलं. मूठभर कोंडा दे आणि घेऊन जा, म्हणाली.

आता त्या गावची रीतच तशी, बरं का. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरचं बाळ कोंड्यावर परक्या बाईला द्यायचं. म्हणजे मरणाला वाटतं, हे इथलं नव्हेच. बाईनं वेशीपर्यंत जायचं आणि माघारी यायचं. मग आईनं कोंडा परत करायचा, बाळ घ्यायचं आणि आपलं म्हणायचं. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण हौसेला नको का कुणी सांगायला? तिला वाटलं, दिलं म्हणजे दिलं. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. तिनं गाढवाच्या तोबऱ्यातला मूठभर कोंडा काढून दिला, बाळ पदराखाली घेतलं आणि जी सुटली ती मागं वळून पाहिलं नाही. मथुरा पडली बाळंतीण, तिला उठवेना. नवरा धावला, तो नेमका उलट्या वाटेनं. एक काम सांगावं तर असं.

मग त्या बाळाची झाली गोजरा. गोजरा मोठी झाली, आयाबायांच्या हातात बांगड्या भरू लागली. केसांत एखादी रुपेरी बट दिसायला लागली, तेव्हा कुठं हौसेनं तिला खरं सांगितलं. मग गोजरेला घास गोड लागेना. मूठभर कोंड्यावर टाकलं मला आईनं? आता भेटले, तर एकदा तरी लेक म्हणेल का? तिनं गावाचं नाव विचारलं. हौसा म्हणाली, नाव नाही बाई आठवत, पण नदी होती आणि वड होता. अगं, नदी आणि वड कुठल्या गावाला नसतो? गोजरेनं कपाळाला हात लावला आणि निघाली.

आधी भेटली नदी. ती म्हणाली, मला थांबायला वेळ नाही, चालता चालता विचार. गोजरा काठाकाठानं धावली, धापा टाकल्या, आणि नदीनं सांगितलं काय, तर आपल्या माहेरच्या डोंगराचं कौतुक.

मग भेटला वड. त्यानं बैस म्हटलं आणि पणजोबांच्या पारंब्यांपासून सुरुवात केली. तो आजोबांपर्यंत आला, तेव्हा गोजरा उठून चालायला लागली.

मग भेटली सटवाई. बाळाच्या कपाळी नशीब लिहिते ना, तीच. रानात गुडघे चोळत बसली होती. गोजरेला बघताच कडाडली, "तूच ती. लिहायला गेले तर घरात बाळ नाही. डोंगर तुडवत गाढवामागं आले मी तुझ्यासाठी, अजून पाय दुखतात." आणि तिनं गाव सांगितलं, घर सांगितलं, अंगणातली तुळससुद्धा सांगितली. रागावलेल्या बाईला सगळं बरोबर आठवतं, बरं का.

गोजरा त्या दारात उभी राहिली. मथुरा पार म्हातारी झाली होती. गोजरेनं सगळं सांगितलं आणि आई म्हणून हाक मारली. मथुरेनं तिला डोळे भरून पाहिलं. मग ती तोंड फिरवून मोठ्यानं म्हणाली, "ही माझी नव्हे." आणि दार लावून घेतलं.

गोजरा पायरीवर बसून रडली. मग शेजारणीनं तिला ती रीत समजावली. कोंडा परत केला नाही, तोवर आपली म्हणायचं नाही. म्हटलं की मरण ऐकतं. घ्या. लेकीचे केस पिकायला लागले, आणि आईला अजून सुपातल्या बाळाची काळजी.

मग काय करते बिचारी? सगळी वाट उलट चालून हौसेला घेऊन आली. हौसा वाटभर कुरकुरत होती, पण खरं म्हणजे ती घाबरली होती. कोंडा घेतला की लेक गेली. मथुरेनं सूप भरून कोंडा आणला, तर हिनं हात मागं घेतले. एक म्हणे घे, दुसरी म्हणे नाही घेत. मधे गोजरा, सकाळपासून उपाशी. शेवटी ती वैतागून म्हणाली, "तो कोंडा घाला गाढवाला. आणि मला कुणीतरी जेवायला वाढा."

तेव्हा मथुरेनं सूप खाली ठेवलं. हौसा अंगणात गेली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मरणा, ऐक रे. ही माझी पोर आहे. या घराशी हिचा काही संबंध नाही." मग आत येऊन मथुरेला हळूच म्हणाली, "आता वाढ तिला निर्धास्त."

मथुरेनं वाढलं. पण गोजरेला लेक मात्र म्हणाली नाही हं. पुढंही कधी म्हणाली नाही, पाहुणीच म्हणायची. गोजरा एक भाकरी खाऊन हात धुवायला उठली, तशी मथुरा खेकसली, "एवढंच? म्हणून अशी काटकी झालीस. केसांना तेल नाही, टाचांना भेगा, आणि एवढ्या उन्हाचं चालत यायचं होतं?" ती बोलायची थांबेचना. गोजरा मान खाली घालून ऐकत होती, रडत होती आणि हसत होती. परक्या पाहुणीला असं कुणी रागावतं का?

मग त्या तिघी कधी इथं, कधी तिथं, भांडत भांडत सुखानं राहिल्या. आणि मी मघापासून ओरडतेय, ती काय तुम्ही पाहुणे आहात म्हणून? चला, मिटा डोळे.