दातांनी समुद्र ऐकणारी आवडू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. सागोळ्याच्या किनाऱ्यावर आज जे म्हातारे माड आहेत, ते लावणारे हातसुद्धा तेव्हा जन्मले नव्हते, एवढं धरून चाला.

तेव्हा गावात एकच रापण होती. रापण म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं, हेच वाईट. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवायचं, होडीनं आत जायचं, अर्धा गोल फिरत जाळं सोडायचं, दुसरं टोक घेऊन परत यायचं. मग अख्ख्या गावानं दोन्ही दोर ओढायचे. ज्याचा हात दोराला, त्याचा माशात वाटा. म्हातारा असो, पाहुणा असो, वाटेनं जाणारा असो. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, म्हणून तो कुणी मोडतही नव्हतं.

या रापणीचा म्होरक्या होता सातू तांडेल. माणूस कष्टाचा, पण डोक्यानं खडक. आणि दोराच्या अगदी शेपटाला हात लावणारी एक विधवा होती, आवडू. लहानपणी तापात तिचे कान गेले ते गेलेच. पोरं तिच्या पाठीमागे डबे वाजवायची आणि हसायची. तिला कळायचंही नाही.

एकदा काय झालं, माशांची टोपली डोक्यावर, होडीचा दोर हातात, आणि उथळ पाण्यात तिरकं रोवलेलं वल्हं पडायला आलं. हात मोकळा नाही, म्हणून आवडूनं वल्ह्याची मूठ दातांत धरली. वल्ह्याचं पातं पाण्यात होतं. आणि तिच्या डोक्यात आवाज आला. कुर्र, कुर्र, कुर्र. तीस वर्षांत ऐकलेला पहिला आवाज. टोपली खाली पडली तरी तिनं दात सोडले नाहीत.

मग ती ओरडली, "मासो इलो! ढोमो! खडकाच्या उजव्या अंगाक!"

सगळा किनारा हसला. "हिका ढोल ऐकाक येना नाय, नि माशाचो आवाज येता!"

सातू मात्र हसला नाही. तो लाल झाला. "बायलमाणसान वल्ह्याक त्वांड लायल्यान! आता दर्यो कोपतलो." त्यानं ते वल्हं तीनदा धुतलं, नारळ फोडला, आणि आवडूला दोरापासून हाकलली. म्हणजे तिचा वाटाही गेला. त्या दिवशी दुपारी खडकाच्या उजव्या अंगाला ढोमा, म्हणजे तो पाण्यात कुरकुरणारा मासा, आला, आणि शेजारच्या गावाच्या जाळ्यात गेला. सातूला हे दिसलं होतं. पण दिसणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

पुढे पौष महिना आला. सातूचा मुलगा गुणाजी आठ जणांना घेऊन पहाटे मोठ्या होडीनं लांब गळ टाकायला गेला. आणि उजाडता उजाडता धुकं उतरलं. असं धुकं की माणसाला स्वतःचे गुडघे दिसेनात, असं म्हणतात. वर ओहोटी लागलेली. धुक्यात दिशा चुकली की माणूस घराकडे म्हणून वल्हवतो आणि जातो अरबस्तानाकडे.

गावानं शंख फुंकले, ढोल बडवले, माडाच्या झावळ्या पेटवल्या. धुक्यानं सगळं गिळलं. दुपार कलली. बायका रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, दुसरी होडी पाठवू. सातू म्हणाला, "ती पण जायत. मगे?"

तेव्हा आवडू पुढे आली. तिनं तोंडाकडे बोट दाखवलं, मग पाण्याकडे. सगळे सातूकडे बघायला लागले.

सातू घरात गेला. त्याचं स्वतःचं वल्हं, जे तो भावालाही देत नसे, ते घेऊन आला. "घे गे बाये," म्हणाला. "माझो झील आसा थंय." तिला ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड बघून कळलं.

आवडू कमरेइतक्या पाण्यात गेली. पातं खोल पाण्यात तिरकं टेकवलं, मूठ दातांत धरली. सातूनं वल्हं मधोमध घट्ट धरलं, हलू नये म्हणून. ढोल बंद झाले, कुणी पाण्यात पाय घालेना. बऱ्याच वेळानं तिनं हात वर केला. होडीतली माणसं लाकडावर ठोके मारत होती आणि ते ठोके तिच्या दातांत येत होते. काही जण सांगतात, तिला नऊ माणसांची काळजं ऐकू आली. मी म्हणतो, ठोके पुरेत.

मग गावानं केली ती रापणच, पण माणसांची. रापणीचे दोर, विहिरीचे दोर, गुरांची दावी, सगळं एकाला एक बांधलं. भिकल्या नावाचा गडी टोक घेऊन लहान होडीत बसला. आवडू ते ठोके आणि भिकल्याचं वल्हं, दोन्ही ऐकून हातानं दिशा दाखवी, आणि किनाऱ्यावरचे लोक दोराला हिसका देत. एक हिसका डावीकडे, दोन उजवीकडे. धुक्यात आंधळा झालेला भिकल्या त्या हिसक्यांवर चालला. दोर संपायला आला, तरी संपला नाही. सागोळ्यात तेवढा दोरच नव्हता, असं म्हणतात.

शेवटी पलीकडून तीन हिसके आले. सापडले! आता ओढायचं. पण मध्ये काळा खडक, आणि भरती लागलेली. सरळ ओढलं तर होडीचे तुकडे. आवडू खडकावर आपटणारं पाणी ऐकत होती. ती हात करी तसा गाव दोर घेऊन किनाऱ्यानं सरके. तिनं थांबायची खूण केली की थांबे. अख्खी रापण ओरड्याशिवाय ओढली गेली, ती पहिल्यांदाच.

पाणी तिच्या छातीला आलं, मग हनुवटीला. सातूनं तिचा खांदा हलवला. "चल गे, बुडशीत!" तिनं डोळे वटारले आणि दात आणखी आवळले. वल्हं उचललं असतं तर आवाज गेला असता.

आणि धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं. "बाबा!" गुणाजीची हाक आली.

सातूनं वल्ह्यावरचा हात सोडला. तो धावला. बाप होता, धावणारच. अख्खा गाव धावला. नऊच्या नऊ जणांना कवटाळून झालं, रडून झालं, आणि मग सातूला आठवलं. तो वळला.

वल्हं पाण्यात उभं होतं. कुणी न धरता, देवळाच्या खांबासारखं ताठ. मुठीवर दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. आवडू नव्हती. तीन दिवस शोधली, नाही मिळाली. ढोम्यांनी तिला आपल्यात घेतली, असं म्हणतात.

सातू त्यानंतर जगला खूप. पण उजवी मूठ त्यानं पुन्हा कधी पूर्ण उघडली नाही. जेवायचा डाव्या हातानं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "एकदा उघडलंय, ता पुरे."

आजही सागोळ्यात नारळी पुनवेनंतरची पहिली रापण लागते तेव्हा दोन गोष्टी होतात. पहिला वाटा, ज्या घरात दोर ओढायला कुणी उरलेलं नाही, त्या घरी जातो. आणि रापण ओढताना कुणी ओरडत नाही. एक म्हातारी पाण्यात उभी राहून वल्हं दातांत धरते, आणि गावचा तांडेल ते हातानं धरतो. जाळं वाळूवर येतं, मासे उडतात, पोरं नाचतात, त्याचं स्वतःचं नातवंड त्याला हाका मारतं. तो मान वळवत नाही. म्हातारी पाण्यातून चालत बाहेर येते, कोरड्या वाळूवर बसते, आणि "सोड रे" म्हणते.

तेव्हाच तो हात सोडतो.